अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

संगणक सुरू करावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा यावा, त्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ अशी दोन शब्दांची ओळ, खाली अठ्ठेचाळीस अंक भरण्यासाठी रिकामी जागा, आणि घरात कोणालाही ते अंक कधी पाहिल्याचे आठवू नये, ही घटना आता शहरी राहिलेली नाही. मी नगर जिल्ह्यात राहतो (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच), जुनी कागदपत्रे आणि पोथ्या पाहत हिंडतो. संगणकाचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. कागदपत्रांची छायाचित्रे सांभाळण्याच्या गरजेतून जे शिकलो ते शिकलो. तरी गेल्या काही वर्षांत ‘पोथी दाखवायची आहे’ म्हणून येणाऱ्यांपेक्षा ‘लॅपटॉप उघडत नाही’ म्हणून येणारे वाढले आहेत. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे आहेत, गावाचा इतिहास लिहून काढणारे आहेत. बंद पडलेल्या यंत्रात त्यांची दहा-बारा वर्षे असतात.

या कुलपाविषयी मराठीत सांगोवांगीच अधिक आहे. कोणी म्हणते व्हायरस शिरला, कोणी म्हणते कंपनीने पैशासाठी अडवले, कोणी म्हणते ‘फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही’. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि तिसरी तर हातचे सर्वस्व घालवणारी आहे. म्हणून हे कुलूप काय आहे, ते का बसते, केव्हा उघडते आणि केव्हा उघडतच नाही, याची मांडणी येथे करतो. ती करताना आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या वाङ्मयीन इतिहासाचा आधार घेणार आहे. मजकूर कुलूपबंद करण्याची आणि हरवलेला मजकूर परत उभा करण्याची उदाहरणे या गोदाकाठाला नवी नाहीत.

सकळ लिपीचे कुलूप

श्रीरामपूर तालुक्यातील डोमेग्राम हे चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने महानुभाव पंथात पवित्र मानलेले स्थान. स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध करणारे म्हाइंभट हेही गोदाकाठच्या सराळ्याचे. या पंथाने पुढे आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ, सुंदरी, अंक अशा त्या लिप्या. त्यातल्या सकळ लिपीचे जनकत्व रवळोबासांकडे दिले जाते. परिणाम असा झाला की मराठी गद्याचे आद्य वैभव शतकानुशतके मठांतच राहिले आणि बाहेरच्या मराठी माणसाला त्याची वार्ताही नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय वाचकांपुढे आणले, आणि मग मराठी वाङ्मयाचा आरंभकाळच नव्याने लिहावा लागला.

राजवाड्यांना हे का साधले? सकळ लिपीत मूळ अक्षराच्या जागी दुसरे ठरलेले अक्षर येते. ‘क’च्या जागी एखादे चिन्ह ठरले की संपूर्ण पोथीभर ते तेच राहते. भाषा मात्र स्वतःच्या खुणा सोडत जाते. कोणती अक्षरे वारंवार येतात, कोणती शब्दाच्या शेवटी येतात, विभक्तीचे प्रत्यय कोठे बसतात, हे मुखवट्याखालूनही दिसते. अक्षरांच्या वारंवारतेवरून गुप्त मजकूर फोडण्याची ही रीत अरब पंडित अल-किंदी याने नवव्या शतकातच मांडली होती. आपल्याकडे वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणून गुप्तलेखन गणले आहे. म्हणजे कुलूप घालण्याची आणि ते उघडण्याची, अशा दोन्ही विद्या जुन्या आहेत.

मोडीचा येथे उल्लेख करतो तो गैरसमज टाळण्यापुरता. घरोघरीच्या ट्रंकांत पडलेले मोडी कागद आज कुलूपबंद वाटतात. पण मोडी ही गुप्त लिपी नव्हे. ती शिकणारी माणसे कमी झाली, एवढेच. सहा महिने शिकून कोणीही ती वाचू शकतो.

बिटलॉकरचे कुलूप मोडीसारखे नाही आणि सकळ लिपीसारखेही नाही. त्यात वापरलेली ‘एईएस’ ही पद्धत योहान डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन गूढलेखनतज्ज्ञांनी बनवली आणि अमेरिकेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे सारे नियम जगजाहीर आहेत. छापील पुस्तकांत मिळतात. गुप्त असते ती केवळ किल्ली. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली हाती पडेपर्यंत मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ सालीच सांगून ठेवले होते. या पद्धतीने बदललेल्या मजकुरात भाषेची एकही खूण उरत नाही. कोणती अक्षरे जास्त, कोणती कमी, शब्द कोठे संपतो, काहीच दिसत नाही. दिसतो तो नुसता आकड्यांचा कोंडा. किल्ल्यांच्या शक्यता किती? तीनशे चाळीसवर छत्तीस शून्ये. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र बसवले तरी सगळ्या संपायला एकावर एकोणीस शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे चौदाशे कोटी वर्षे आहे, म्हणजे एकावर दहाच शून्ये. राजवाड्यांची बुद्धीही येथे चालणार नाही.

कुलूप बसते कसे?

‘मी तर कधी कुलूप लावलेच नाही’ ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि ती खरी असते. बिटलॉकर २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आले तेव्हा ते कचेऱ्यांसाठी होते आणि मुद्दाम सुरू करावे लागे. पुढे घरगुती विंडोजमध्येही ते ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने आले. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टचे खाते घालून प्रवेश केला की ते आपोआप सुरू होते आणि किल्लीची एक प्रत त्या खात्यात जाऊन बसते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून त्यासाठीच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे आणखी यंत्रे या कक्षेत आली. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ठरवून थांबवली गेल्याने पुष्कळ घरांत नवी यंत्रे येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर हे न पाहिलेले कुलूपही.

आता रोज हे कुलूप आपोआप कसे उघडते ते पाहू. यंत्राच्या मुख्य पाटीवर ‘टीपीएम’ नावाची एक चिप असते. यंत्र सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने उठले याची ती मोजणी ठेवते. कालची मोजणी आणि आजची मोजणी जुळली तर ती किल्ली सोडते. जुळली नाही तर सोडत नाही. वाड्याच्या दिंडीदरवाजावर बसलेला जुना रखवालदार जसा रोजची पावले ओळखतो आणि अनोळखी चाहूल लागली की आडणा काढत नाही, तसे हे आहे. रखवालदार हटला की मालकाला निळा पडदा दिसतो.

किल्लीची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. डिस्कवरचा मजकूर एका किल्लीने बंद होतो. ती किल्ली दुसऱ्या किल्लीने बंद असते. आणि ही दुसरी किल्ली एकाच वेळी दोन डब्यांत ठेवलेली असते. एक डबा टीपीएम उघडते, दुसरा आपले अठ्ठेचाळीस अंक उघडतात. म्हणून चिप रुसली तरी अंक असतील तर काही बिघडत नाही. रोज आत शिरताना टाकतो तो पिन किंवा पासवर्ड मात्र या दोन्हींपैकी नव्हे. तो वाड्याच्या आतल्या खोलीचा आहे. दिंडीदरवाजाला तो लागत नाही. निळ्या पडद्यावर रोजचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणारे पुष्कळ पाहिले, म्हणून हे सांगतो.

रखवालदार का बिथरतो?

कारणे ठरावीक आहेत. यंत्राची मुख्य पाटी बदलली, तर जुनी चिपच गेली. ‘बायोस’ अद्ययावत केले, ‘सिक्युअर बूट’ बंद केले, किंवा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करण्यासाठी क्रम बदलला, तर मोजणी चुकते. दुरुस्तीला दिलेले यंत्र परत आल्यावर पडदा निळा होतो तो यामुळे. दुरुस्ती करणाऱ्याने काही लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही.

कधी दोष वरूनच येतो. ९ जुलै २०२४ च्या विंडोज अद्ययावतीकरणानंतर काही यंत्रे किल्ली मागू लागली, आणि त्यावरचा इलाज १३ ऑगस्टला आला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही यंत्रांत असेच घडले. १९ जुलै २०२४ ची घटना वाचकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रे आडवी झाली, आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो दोष बिटलॉकरचा नव्हता आणि दुरुस्ती एक फाइल पुसण्याइतकी साधी होती. पण जेथे बिटलॉकर होते तेथे त्या फाइलपर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक यंत्राची वेगळी किल्ली शोधावी लागली. किल्ल्यांची यादी जेथे नीट होती तेथे काम पुढे सरकले. नव्हती तेथे अडले.

उघडण्याची वाट

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

सर्वप्रथम काहीही पुसू नये. ‘फॉरमॅट’, ‘रिसेट’, ‘नवे विंडोज’ या शब्दांना नकार द्यावा. मजकूर तेथेच आहे, शाबूत आहे. पुसला की मात्र तो किल्लीनेही परत येत नाही. निळ्या पडद्याचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र घ्यावे. त्यावर ‘रिकव्हरी की आयडी’ म्हणून अक्षरे आणि अंकांची एक खूण असते. ही किल्ली नव्हे. किल्लीचा बिल्ला आहे. त्यातली पहिली आठ चिन्हे महत्त्वाची.

मग यंत्रात अलीकडे काय बदलले ते आठवावे. जोडलेला पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून पाहावी. दुरुस्तीत बायोसमधले काही बदलले असेल तर ते होते तसे करावे. मोजणी पुन्हा जुळली तर रखवालदार स्वतःच दार उघडतो आणि अंकांची गरज पडत नाही.

ते न जमल्यास खाते शोधावे. खरे संशोधन येथे आहे. घरगुती विंडोजमध्ये आपोआप बसलेले हे संरक्षण साधारणपणे किल्ली कोणत्या तरी खात्यात पोचल्यानंतरच पूर्णपणे सुरू होते. म्हणजे ती कोठेतरी आहे. प्रश्न इतकाच, की कोणाच्या खात्यात? यंत्र विकत घेतले त्या दिवशी ते सुरू कोणी करून दिले होते? मुलाने, भाच्याने, की दुकानातल्या पोराने? त्या वेळी कोणाचा ईमेल घातला? विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत निळ्या पडद्यावरच खात्याच्या पत्त्याची अर्धवट खूण दिसते, तीही पाहावी. खाते सापडले की दुसऱ्या कोणत्याही मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्या खात्यात शिरावे. ‘डिव्हाइसेस’ या भागात यंत्राच्या नावाखाली बिटलॉकरच्या किल्ल्या मिळतात. एकापेक्षा जास्त असल्या तर बिल्ल्याची आठ चिन्हे जुळणारी घ्यावी.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. ओव्या गोळा करणाऱ्या एका शिक्षकांच्या निधनानंतर त्यांचा लॅपटॉप बंद पडला. मुलाने वडिलांचे खाते पाहिले. तेथे किल्ली नव्हती. आपले पाहिले, तेथेही नव्हती. लॅपटॉप घेतला त्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने तो सुरू करून दिला होता, हे शिक्षकांच्या पत्नीला आठवले. ‘दादांना ईमेल करता येईना, म्हणून त्याने आपलाच टाकला होता,’ असे त्या म्हणाल्या. किल्ली भाच्याच्या खात्यात निघाली. संगणकाला हात न लावलेल्या बाईंच्या स्मरणाने काही हजार ओव्या वाचल्या.

खात्यात नसेल तर घर धुंडाळावे. किल्ली छापून किंवा फाइल म्हणून ठेवण्याची सोय असते. फाइलचे नाव ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ असे सुरू होते. ती जुन्या पेनड्राइव्हवर सापडू शकते. खरेदीच्या पावतीबरोबर एखादा छापील कागद असू शकतो. यंत्र शाळेचे, महाविद्यालयाचे किंवा नोकरीच्या ठिकाणचे असेल, अथवा तेथले खाते त्यात घातले असेल, तर किल्ली त्या संस्थेच्या संगणक विभागाकडे असते.

हाताने लिहिलेली किल्ली मिळाली आणि एखादा अंक लागत नसेल तर गणिताचा उपयोग होतो. अठ्ठेचाळीस अंक सहा-सहाच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटाला अकराने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ २१४७३१ हा गट चालेल, कारण तो अकरा गुणिले १९५२१ आहे. २१४७३७ चालणार नाही. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर भाग जाणे थांबते. शिवाय कोणताही गट ७२०८८५ पेक्षा मोठा नसतो. म्हणजे गटाच्या आरंभी आठ किंवा नऊ दिसला तर वाचण्यात चूक आहे हे पक्के. एका घरी वहीतल्या शाई फुटलेल्या अंकाचे वाचन आम्ही या भागाकारानेच ठरवले.

यंत्र उघडले की दोन कामे लगेच करावीत. महत्त्वाच्या फाइलींची बाहेर प्रत काढावी आणि किल्ली छापून घ्यावी. पुढच्या प्रत्येक वेळी निळा पडदा येतच राहिला तर बिटलॉकर तात्पुरते स्थगित करून पुन्हा सुरू करावे. म्हणजे रखवालदार नवी मोजणी प्रमाण धरतो.

आणि किल्ली कोठेच नसेल तर?

तर मजकूर गेला, हे मान्य करावे लागते. मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावण्याची जुनी युक्ती येथे निरुपयोगी, कारण तेथेही तो कोंडाच दिसतो. ‘पैसे द्या, तोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. मी पाहिलेल्या एका घरी असेच झाले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी गावातल्या जुन्या कुटुंबांच्या वंशावळी टिपल्या होत्या. खाते ज्या मोबाइल क्रमांकावर होते तो कधीच बंद झाला होता, ईमेलचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. त्या वंशावळी पुन्हा मिळाल्या नाहीत.

तरीही अशा वेळी एक शोध शिल्लक असतो. तो कुलपाचा नसून प्रतींचा असतो. मोबाइलमध्ये, वन-ड्राइव्हवर, कोणाला पाठवलेल्या ईमेलमध्ये, छापखान्यात अक्षरजुळणीसाठी दिलेल्या मजकुरात, व्हॉट्सअॅपवर मित्राला धाडलेल्या प्रकरणात तुकडे सापडतात. मराठी वाङ्मय अशा तुकड्यांवरच जगले आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी ‘खालशाच्या धाडी’त गमावली, पंथातील जाणत्यांनी मुखोद्गत लीळा सांगून ती पुन्हा उभी केली, आणि म्हणूनच आज तिचे निरनिराळे पाठ दिसतात. आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी पुढे तीनशे वर्षांत पाठभेदांनी मलिन झाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ वाचला तो त्याच्या प्रती अनेक ठिकाणी पसरल्या होत्या म्हणून. एकाच मठात एकच पोथी असती तर एकनाथांना शुद्ध करायला काही उरले नसते.

मग हे कुलूप असावे का?

असावे, असे माझे मत आहे. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला तर कुलूप नसलेल्या डिस्कवरचा सातबारा, आधार, बँकेचे कागद, घरातल्या बायकामुलींची छायाचित्रे कोणीही पाहू शकतो. मात्र किल्ली कंपनीच्या खात्यात ठेवण्याची किंमत समजून घ्यावी. खाते ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ली. आणि कायदेशीर आदेश आला तर कंपनी आपल्याजवळची किल्ली सरकारला देऊ शकते. ज्याला ते नको असेल त्याने किल्ली कागदावर घेऊन खात्यातून काढावी. पण मग कागद सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

आपल्या घरी स्थिती काय आहे ते पाहायला पाच मिनिटे लागतात. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. ते सुरू दिसले तर खात्यात जाऊन किल्ली पाहावी, दोन कागदांवर उतरवावी, प्रत्येक गटाला अकराने भाग घालून तपासावी. सोबत बिल्ल्याची आठ चिन्हे, यंत्राचे नाव आणि खात्याचा ईमेल लिहावा. एक कागद घराच्या खरेदीखताजवळ ठेवावा, दुसरा दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडे. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नये. चोराला कुलपाबरोबर किल्लीही मिळेल. यंत्र दुरुस्तीला देण्याआधी कागद जागेवर असल्याची खात्री करावी. आणि हा कागद कशाचा आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवावे. लक्ष्मीपूजनाला आपण वह्या बाहेर काढतोच. त्याच दिवशी हेही करून टाकावे.